पेटी बरी आहे, पण आधी तासाचं ठरवा

कोरोनानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा आमच्याकडे एक पेटी आली. झाकणावर 'अध्ययन भरपाई संच' असं ठळक छापलेलं आणि खाली उगवता सूर्य. असे संच त्या दिवसांत पुष्कळ निघाले. आमचा कुणाचा होता ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत आणि त्या अशा कुठल्याही संचाला लागू पडतील. मी चौथीची बाई. या पेटीवर दोन सत्रं शिकवलं. पहिल्या सत्रात ती सांगेल तसं, दुसऱ्यात मला पटेल तसं. त्यामुळे हे परीक्षण दोन्हींचं धरा.

घाईत असलेल्यांसाठी: पाचपैकी साडेतीन तारे. ॲप नसतं तर चार दिले असते.

पेटीत काय निघालं ते आधी सांगते. वाचनाची चाचणीपत्रकं, प्रत्येकाचे चार वेगवेगळे नमुने. गणिताचीही तशीच. साठ गोष्टींची कार्डं, बाराखडीचा तक्ता, एक ते शंभर अंकांची चटई, लाकडी काड्या आणि त्यांचे गठ्ठे बांधायला रबरं, खोट्या नोटा, शिक्षकांची हस्तपुस्तिका, आणि 'पहिले दहा दिवस' नावाची एक बारीकशी पुस्तिका. सोबत दोन दिवसांचं प्रशिक्षण, अडलं तर विचारायला एक फोन नंबर आणि ते ॲप. कार्डांचा पुठ्ठा दणकट आहे, दोन सत्रांनंतर कोपरे तेवढे मऊ पडलेत. चटईवरचा ४७ ते ५० या घरांचा रंग मात्र पहिल्याच महिन्यात उडाला, कारण मुलं पळत येऊन नेमकी तिथेच वळतात.

आता वर्गाची अवस्था. अडतीस मुलं. ही मुलं पहिलीत होती तेव्हा शाळा बंद झाली, आणि वर्गोन्नत होत होत ती थेट चौथीच्या बाकांवर येऊन बसली. दुसरी-तिसरी त्यांनी मोबाइलवर पाहिली, ज्यांच्या घरी मोबाइल रिकामा होता त्यांनी. बाकीच्यांची ती वर्षं कशी गेली हे त्यांना नीट सांगताही येत नाही.

पेटीतली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे वाचनाचं चाचणीपत्रक. एकच कागद. एका मुलाला शेजारी बसवायचं, आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. तो जमला तर पुढे गोष्ट, नाही जमला तर मागे शब्दांवर यायचं. पाच शब्दांतले चार बरोबर आले तर शब्दस्तर, नाहीतर अक्षरांवर. ही पद्धत नवी नाही. मुलांना कितपत वाचता येतं, गणित येतं हे बघणाऱ्या 'असर' या पाहणीत २००५ पासून घरोघर जाऊन मुलांना असंच वाचायला देतात. नवीन होतं ते माझ्यासाठी. वीसेक वर्षं शिकवूनही अख्ख्या वर्गातल्या एकेका मुलाला पाच मिनिटं शेजारी बसवून, दुसरं काहीही न करता, त्याचं वाचन मी कधी ऐकलं नव्हतं. लेखी परीक्षा घेतल्या, वह्या तपासल्या, प्रगतिपुस्तकं भरली. ऐकलं नव्हतं.

एक मुलगी होती. वही अशी की इतर मुलांना दाखवावी. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवणार, समास सोडून, शीर्षकाखाली दुहेरी रेघ मारून. ती परिच्छेदावर अडली, शब्दांवर अडली. मला वाटलं, घाबरली असेल. म्हणून तिचीच वही उघडली आणि तिने आदल्या दिवशी लिहिलेली ओळ तिच्यासमोर धरली. तिने ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढी सुंदर अक्षरं तिने काढली होती आणि त्यातलं एकही तिला वाचता येत नव्हतं. ती अक्षरं नव्हती, तिच्या दृष्टीने ते चित्र होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही.

एक फजितीही सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या दिवशी मी मुलांची रांग दारातच लावली. आत चाललेलं वाचन सगळ्यांच्या कानावर पडत होतं. सातवा मुलगा आला आणि त्याने परिच्छेद घडाघडा म्हटला. बोट दुसऱ्या ओळीवर, तोंड चौथ्या ओळीत. मी पत्रक उलटं करून ठेवलं तरी त्याचं 'वाचन' चालूच! चार नमुने कशासाठी दिलेत हे तेव्हा डोक्यात शिरलं. हस्तपुस्तिकेत ते लिहिलेलं आहे म्हणा, पण सतराव्या पानावर, बारीक टाइपात.

निकाल असा लागला: गोष्ट वाचणारी सहा, परिच्छेदापर्यंत आठ, शब्दांपर्यंत अकरा, अक्षरांवरच थांबलेली नऊ, आणि अक्षरही न ओळखणारी चार. मला शरम वाटली. वाटलं, आपलाच वर्ग असा. नंतर २०२२ च्या मध्यात जागतिक बँक, युनिसेफ, युनेस्को वगैरेंचा अंदाज वाचला: कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नसावा, आणि महामारीच्या आधीही हे प्रमाण ५७ टक्के होतं. शरम थोडी कमी झाली. काळजी वाढली.

चाचणी झाली की पेटी म्हणते, आता रोज एक तास इयत्ता विसरा. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं एकत्र करा आणि स्तराप्रमाणे गट पाडा. ज्याला अक्षरं येत नाहीत तो पाचवीतला असला तरी अक्षरांच्या गटात. एकेका गटाला एक शिक्षक. तासाभरात पाठ्यपुस्तक उघडायचं नाही. या पद्धतीचं मूळ मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या कामात आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी ती बरीच वर्षं निरनिराळ्या राज्यांत प्रयोग करून तपासली आणि पुढे ती आफ्रिकेतल्या देशांतही गेली. त्या प्रयोगांतली एक गोष्ट प्रत्येक मुख्याध्यापकाने पेटी घेण्याआधी वाचायला हवी. जिथे सरकारी शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन सोडलं, तिथे मुलांच्या वाचनात फारसा फरक पडला नाही. हरियाणात याच कामासाठी रोजचा एक तास वेगळा काढला आणि त्यावर लक्ष ठेवलं, तिथे पडला.

आमच्याकडे त्या तासासाठी महिनाभर भांडण चाललं. स्टाफरूममध्ये दोन तट. एक म्हणे, आधीच पोर्शन मागे पडलाय, त्यात रोजचा तास गेला तर वार्षिक परीक्षेपर्यंत निम्मी पुस्तकंही होणार नाहीत. हे बोलणं मूर्खपणाचं नाही. त्या शिक्षकांना पुढच्या वर्षी पाचवीच्या बाईंना तोंड द्यायचं असतं. मी दुसऱ्या तटात होते, आणि माझ्या हाताशी पाकिस्तानातला दाखला होता. तिथे ऑक्टोबर २००५ मध्ये मोठा भूकंप झाला आणि शाळा तीनेक महिने बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांना तपासलं, तेव्हा भूकंपाच्या पट्ट्याजवळची मुलं साधारण दीड इयत्ता मागे निघाली. बुडाले तीन महिने आणि तूट दीड वर्षाची! उरलेलं कुठे गेलं? संशोधकांचा तर्क असा की ते शाळा सुरू झाल्यावर गेलं. गुरुजी पुस्तकाच्या वेगाने पुढे निघाले, मुलं जिथे होती तिथेच राहिली आणि अंतर दरवर्षी वाढत गेलं. ज्यांच्या आया निदान प्राथमिक शाळा पूर्ण केलेल्या होत्या, त्या मुलांत ही तूट दिसली नाही. हा दाखला मी तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कळलं. घ्या तास." प्रार्थनेनंतरचा पहिला तास मिळाला. दिवसातला सगळ्यात चांगला तास तो, तो सोडू नका. काही शाळांनी शेवटचा तास दिला, तेव्हा मुलं दप्तर भरत असतात.

माझ्या वाट्याला अक्षरांचा गट आला, एकतीस मुलं. संचवाले म्हणतात की गटांना फुलांची नावं द्या, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. आम्ही दिली. दोन दिवसांत पाचवीतल्या एका मुलाने सरळ विचारलं, "बाई, मोगरा म्हणजे ढ ना?" मुलांना काही लपवता येत नाही. आम्ही फुलं काढून टाकली आणि खोल्यांच्या नंबरांवर आलो, आणि दर दहा-बारा दिवसांनी मुलं खरोखर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ लागली, तेव्हा तो प्रश्न बंद झाला. गटाचं नाव काय यापेक्षा त्यातून बाहेर पडता येतं का, हे मुलं बघतात. पालकांची समजूत घालायला वेळ लागला. एका मुलीचे वडील तावातावाने आले, पाचवीतली मुलगी तिसरीच्या पोरांत का बसवली म्हणून. मी त्यांना वर्गात मागे बसवलं. अर्ध्या तासाने ते न बोलता उठले आणि जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

गणिताचं साहित्य वाचनाच्या मानाने कमी आहे, पण काड्यांनी माझं एक जुनं कोडं सोडवलं. ४२ वजा १७ दिलं की वर्गातली निम्मी मुलं ३५ लिहायची. हातचा विसरतात, असं मी वर्षानुवर्षं समजत आले. तसं नव्हतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करत होती, पाच. मग चारातून एक, तीन. त्यांच्या मते नियम साधा: मोठ्यातून लहान. काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या समोर ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या सतरा मला दे. मुलाने दोन सुट्या दिल्या, मग थांबला. गठ्ठ्याकडे बघितलं. "सोडू?" म्हणाला. सोड म्हटलं. रबर काढल्याचा आवाज झाला, दहा काड्या सांडल्या आणि त्याने आणखी पाच मोजून दिल्या, वर एक अख्खा गठ्ठा. उरल्या पंचवीस. "हातचा घेणे" म्हणजे गठ्ठा सोडणे, हे मला त्याला सांगावंच लागलं नाही. भागाकाराला मात्र पेटीत काहीच नाही. हस्तपुस्तिका एका पानात भागाकार उरकते, तेही कुठल्यातरी पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखं वाटतं.

ॲप. काय सांगू. प्रत्येक मुलाचा स्तर पत्रकावर लिहायचा, मग मस्टरमध्ये, मग ॲपमध्ये, आणि फोटो चढवायचा. चढता चढता गोल फिरत बसायचं आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा'. अडतीस मुलांची माहिती भरायला मला चाचणी घेण्याइतकाच वेळ लागला. शिवाय त्यात मुलांनी स्वतः खेळायची एक चाचणी होती, चार पर्यायांतला बरोबर दाबायचा. अक्षरं न येणारा एक मुलगा त्यात 'गोष्ट' स्तरावर पोचला, कारण चुकलं की ॲप टूंऽऽ करायचं आणि बरोबर उत्तर हिरवं व्हायचं. तो हिरवं होईपर्यंत दाबत राहिला. त्याची हुशारी वाखाणावी तेवढी थोडी, पण वरिष्ठांच्या तक्त्यात तो उत्तीर्ण दिसला. दुसऱ्या सत्रात मी ॲपला पंधरा दिवसांतून एकदा हात लावला.

पडद्याबद्दल माझा आधीपासून आकस आहे असं वाटेल, म्हणून हेही सांगते. नेदरलँड्ससारख्या देशात, जिथे घरोघरी इंटरनेट आहे, तिथे शाळा २०२० मध्ये आठ आठवडेच बंद होत्या. तरी मुलांचं सरासरी नुकसान शालेय वर्षाच्या एक पंचमांशाएवढं, म्हणजे जवळपास त्या आठ आठवड्यांएवढंच भरलं, आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांचं त्याहून जास्त. थोडक्यात, घरी पडदा होता तिथेही शिकणं जवळजवळ थांबलंच होतं.

फोनचा भाग मात्र मला अनपेक्षितपणे आवडला. संचात पालकांसाठी आठवड्याचा एक संदेश आणि वीस मिनिटांच्या फोनचा आराखडा आहे: आधी पालकाशी दोन वाक्यं, मग फोन स्पीकरवर टाकून मुलाला एक उदाहरण, त्याने मोठ्याने सोडवायचं. बोट्स्वानात शाळा बंद असताना असाच प्रयोग झाला होता. नुसत्या संदेशांचा मुलांच्या गणितावर ठळक परिणाम दिसला नाही, संदेशांसोबत फोन केले तेव्हा दिसला. माझाही अनुभव तोच. संदेशांना अंगठे यायचे, तेवढंच. फोन केला की मागे आजी ओरडताना ऐकू यायची, "बाई आहेत, नीट सांग!" पण हे फोन मी संध्याकाळी माझ्या वेळात करायचे. सगळ्या मुलांना शक्य झालं नाही. आठ मुलं निवडली आणि त्यांनाच केले. संचवाले हे कुठेच लिहीत नाहीत की या फोनांचा वेळ कोणी, कुठून आणायचा.

प्रशिक्षणाचे दोन दिवस ठीक. पहिला भाषणात गेला. दुसऱ्या दिवशी सुलभक बाईंनी खरोखरच्या सहा मुलांना घेऊन तास घेऊन दाखवला, आणि मध्येच त्यांचाही गट हाताबाहेर गेला. त्यातून जास्त शिकले.

'पहिले दहा दिवस' ही पुस्तिका मी आधी बाजूला टाकली होती. गाणी, खेळ, चित्रं असेल असं वाटलं. त्यात तेही आहे, पण शेवटच्या दोन पानांवर एक कोरा तक्ता आहे: शाळा बंद होण्याआधी पटावर असलेली आणि आता न आलेली मुलं. नाव, शेवटचा फोन, कोणाला विचारलं, काय कळलं, पुन्हा कधी जायचं. युनेस्कोने २०२० मध्येच म्हटलं होतं की जगभरात सुमारे २ कोटी ४० लाख विद्यार्थी परत शाळेत न येण्याचा धोका आहे. आमच्या तक्त्यात नऊ नावं आली. चार कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली होती आणि तिथल्या शाळेत दाखला लागला होता. तीन मुलं दोन-तीन फेऱ्यांनंतर आली. एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबली होती, आम्ही भावालाही घेऊन ये म्हटलं, तो सतरंजीवर झोपायचा. नववा मुलगा गॅरेजमध्ये लागलाय. पाच वेळा गेले. तो हसतो, फडक्याने हात पुसतो, "येतो बाई" म्हणतो. त्याच्यापुढचा 'पुन्हा कधी' हा रकाना अजून भरलेला नाही. ही दोन पानं झाकणावर छापायला हवी होती, सूर्याच्या जागी.

आता फायदा झाला का? दुसऱ्या सत्राच्या अखेरीस माझ्या अडतीस जणांत गोष्ट वाचणारी एकवीस झाली, परिच्छेदापर्यंत नऊ, शब्दांवर सहा, अक्षरांवर दोन. ही दोन मुलं पेटीची नाहीत, त्यांना तज्ज्ञाकडे पाठवायला हवं होतं, आणि ते कसं ओळखायचं यावर हस्तपुस्तिकेत ओळही नाही. सुरुवातीपासूनच गोष्ट वाचणाऱ्या सहा जणांची तर संचाने उपेक्षाच केली. गोष्ट वाचता आली की पुढे काय? साठ कार्डं ती मुलं तीन आठवड्यांत संपवून बसली. त्यांना मी वाचनालयाच्या कपाटाची किल्ली दिली आणि त्या तासाला ग्रंथपाल केलं.

कार्डांत शुद्धलेखनाच्या चुका आहेत, त्याही सांगायला हव्यात. चौदाव्या कार्डावर 'विहीर' या शब्दातला 'ही' तीनदा पहिल्या वेलांटीने छापलाय. मी तो नजरेआड केला होता. मार्चमध्ये ती सुंदर वहीवाली मुलगी कार्ड घेऊन टेबलाशी आली आणि त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, ही वेलांटी चुकली ना?" बोट बरोबर ओळीवर होतं.

तर घ्यावी का पेटी? तुमचे मुख्याध्यापक सकाळचा एक तास देणार असतील आणि निदान तीन शिक्षक सोबत येणार असतील, तर घ्या. एकट्या शिक्षकाने एका वर्गात सगळे गट चालवायचे असतील तर चाचणीपत्रक आणि काड्या एवढंच कुठूनतरी मिळवा, बाकीचं पडून राहील. काड्यांसोबतची रबरं आठवड्याभरात तुटतात. आम्ही जुन्या सायकलच्या ट्यूबचे वेढे कापून घेतले, ते अजून टिकलेत.

वर्ष संपताना संचवाल्यांचा फोन आला, ॲपचं नूतनीकरण करायचं का म्हणून. मी नको म्हटलं. त्याऐवजी आणखी साठ गोष्टी मिळतील का, जरा मोठ्या, असं विचारलं. कळवतो म्हणाले.